बिगोर्नो नावाचा इसम

लढाई संपून वर्ष होत आलं, तरी विलायतेहून येणारी कागदांची थैली काही हलकी होईना. महिन्यातून एकदा मुंबईहून मोंबासाला जाणारी आगबोट वाटेत भर समुद्रात असलेल्या आमच्या माहे बेटाबाहेर नांगर टाकायची, थैली होडीतून धक्क्यावर यायची आणि शिपायाच्या डोक्यावरून गव्हर्नरच्या कचेरीत जायची. तिथे ती उघडण्याचा मान एकाच माणसाचा, मुस्ये, म्हणजे श्रीयुत, एव्हनोर लाब्लाश यांचा. सत्तावीस वर्षं ते त्या खुर्चीत होते. गव्हर्नर आले नि गेले, कोणाला ताप चढला, कोणाची बायको कंटाळली, पण एव्हनोर तिथेच. लंडनच्या प्रत्येक खलित्याची नोंद त्यांच्या हातची, उत्तराचा मसुदा त्यांचा, नक्कलही त्यांची. गव्हर्नरने फक्त सही ठोकायची.

अक्षर असं की बघत राहावं, आणि ताठा असा की बघवू नये. भर उन्हात काळा कोट उतरायचा नाही. कचेरीतली गोष्ट घरी काढायची नाही हा त्यांचा नेम. बायको झेली, बिचारी वाढता वाढता विचारायची, "आज काय आलं बोटीनं?" तर हे म्हणायचे, "हवा आली." की बोलणं खुंटलं.

त्या वर्षी आग्नेयेचे वारे सुरू झाले तेव्हा थैलीतून एक यादी निघाली. लढाईत आमच्या बेटांवरचे शेकडो गडी आफ्रिकेत पलटणीचं सामान वाहायला गेले होते. गोळीनं थोडे मेले, हगवणीनं फार. आता लंडनच्या सरकारच्या मनात आलं होतं की या मेलेल्यांची नावं दगडावर कोरावीत. प्रत्येक नावापुढे बाप कोण, गाव कोणतं, याची खातरजमा करून कळवावे, असा हुकूम होता.

एव्हनोरनी तीन आठवड्यांत सगळी नावं लावली. एक तेवढं राहिलं. 'क्रमांक ४१७. बिगोर्नो. आफ्रिकेत किल्वा येथील इस्पितळात मृत. वारस अज्ञात.'

बिगोर्नो म्हणजे खडकाला चिकटून बसणारी काळी समुद्री गोगलगाय. ओहोटीला बायका वेचतात, नारळाच्या रसात शिजवतात. हे काय माणसाचं नाव झालं, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्याकडे माणसाला दोन नावं असतात. एक बाप्तिस्म्याचं, ते पाद्र्याच्या वहीत झोपून राहतं. दुसरं लोकांनी ठेवलेलं, ते जन्मभर हाकेला चालतं. शेजाऱ्याचं खरं नाव त्याच्या मयतीच्या दिवशी कळतं, अशी आमची तऱ्हा. पलटणीच्या भरतीच्या टेबलावर नाव विचारलं, तर गड्यांनी तोंडात होतं ते सांगितलं आणि लिहिणाऱ्यानं ते लिहून घेतलं.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगूनच टाकतो, कारण ती साऱ्या बेटाला ठाऊक होती, तुमच्यापासून कशाला लपवा? बिगोर्नो हा एव्हनोर लाब्लाश यांचाच मुलगा. एकुलता एक. पाद्र्याच्या वहीतलं नाव लेआंद्र.

बापाला हे कसं ठाऊक नाही? अहो, ठाऊक होऊच दिलं नाही त्यानं स्वतःला! टोपणनावं म्हणजे अडाण्यांची खोड, असं त्यांचं मत. पोर पाच वर्षांचं असताना कोणीतरी कुंपणापलीकडून त्याला काहीतरी हाक मारायला लागलं, तर नाव पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत हे छडी घेऊन बाहेर. "माझ्या मुलाचं नाव लेआंद्र! दुसरं काही या कानावर आलं तर याद राखा!" तेव्हापासून लोकांनी कानाला खडा लावला. हे समोर असले की "मुस्ये लेआंद्र" म्हणायचं, ओठ दाबून; हे वळले की "ए बिगोर्नो, चल पाण्यात!" पोर भरतीचं पाणी चढेपर्यंत खडकांवर बसून असायचं, म्हणून ते नाव. आईसुद्धा त्याला तेच म्हणायची, नवरा कचेरीत गेल्यावर.

मुलगा मोठा झाला तसं बापानं त्याच्यासाठी कचेरीत स्टूल मांडून ठेवलं. नक्कलनवीस व्हायचं, मग हळूहळू खुर्चीवर. मुलगा म्हणाला, "मला नाही जमायचं, पापा. तिथं जीव गुदमरतो." त्यावर जे व्हायचं ते झालं. बाप म्हणाला, "मग चालता हो. " आणि बायकोकडे वळून म्हणाला, "याचं नाव पुन्हा या घरात निघता कामा नये." मुलगा दारात क्षणभर पाठ करून उभा राहिला, आणि गेला. एव्हनोर मनाशी धरून चालले की गेला असेल अल्दाब्राकडच्या एखाद्या गलबतावर, कासवं धरायला. येईल अक्कल ठिकाणावर आली की. आणि तो गेला आफ्रिकेत. भरतीची यादी बापाच्या हाताखालून जाणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लेआंद्र लाब्लाश दिसलं असतं तर बापानं ते नाव तिथल्या तिथे खोडलं असतं. म्हणून त्यानं बापानं कधी न ऐकलेलं नाव दिलं. आणि बापानं त्या यादीची आपल्या वळणदार अक्षरात नक्कल केली. 'बिगोर्नो' हा शब्दसुद्धा सुरेख काढला.

तर असं हे. आता हाच माणूस त्या नावाचा मालक शोधायला निघाला, आणि तो नाही सापडला तर लंडनला तसं कळवून ते नाव कायमचं खोडणार होता. सांगणार कोण त्याला? मयताची बातमी एकदा घरच्या कोणा एकाला सांगितली की पुढे घरच्यांना घरच्यांनीच सांगायची, परक्यानं पुन्हा तोंड उघडायचं नाही, ही आमच्या बेटाची रीत. ती मोडली तर मेलेल्याचा आत्मा सांगणाऱ्याच्या दारात बसतो म्हणतात.

आधी ते सीप्रियेंकडे गेले. हा गडी आफ्रिकेतून परत आलेला, बंदरात होडी वल्हवायचा. जाळं शिवत बसला होता.

"सीप्रियें, तुझ्या टोळीत बिगोर्नो नावाचा कोणी होता?"

सीप्रियेंची सुई थांबली. त्यानं वर बघितलं, परत खाली बघितलं. "होता, मुस्ये."

"कोणाचा कोण?"

"चांगला होता. माझं ओझं दोन दिवस त्यानं वाहिलं, मला ताप होता तेव्हा."

"ते नको मला. बाप कोण त्याचा? गाव कुठलं?"

"घरी विचारलंत का, मुस्ये?"

"कोणाच्या घरी?"

"तुमच्या."

एव्हनोरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सरकारी कामं मी बायकोला विचारून करीत नाही!" म्हणाले आणि काठी आपटत निघून गेले.

खडकावर गोगलगायी वेचणाऱ्या म्हाताऱ्या जर्मेननं तर झग्याच्या टोकानं डोळेच पुसले. "देव त्याचं भलं करो. घरी विचार रे बाबा." कापुचिन पंथाचे पाद्री, ज्यांची दाढी टेबलापर्यंत पोचायची, त्यांनी वही उघडलीच नाही. म्हणाले, "एव्हनोर, काही गोष्टी वहीत नसतात. मदाम झेलीशी बोललात?" एव्हनोरनी मनात म्हटलं, सगळं बेट मूग गिळून बसलंय. काहीतरी भानगड आहे. हा बिगोर्नो पळपुटा असेल, चोर असेल. गव्हर्नरच्या सहीनं खलिता गेला: 'आपल्या पत्रास अनुसरून निवेदन करण्याचा मान मिळत आहे की, सदर इसमाविषयी तपास चालू आहे.'

तपास चालू आहे. हे तीन शब्द फार गोड असतात. ते लिहिले की पाच महिने कोणी काही विचारत नाही. कागद जायचा मुंबईला, तिथून विलायतेला. तिकडचं उत्तर यायचं तोवर आमच्याकडे वारे फिरलेले असायचे, दालचिनीची सालं काढून वाळवून झालेली असायची. प्रश्न विचारला गेला तेव्हाचं जग आणि उत्तर येतं तेव्हाचं जग, यांची भेट कधी होतच नाही.

लंडनहून येणाऱ्या कागदांच्या कडेला एका कारकुनाच्या नावाची बारीक आद्याक्षरं असायची, ए. डब्ल्यू. टी. हा कोण, कसा, एव्हनोरना काही ठाऊक नव्हतं, पण सत्तावीस वर्षांत त्यांनी त्याला मनात घडवला होता. बारीक चणीचा, खोकणारा, खिडकीबाहेर पिवळं धुकं. दुपारी, सारं गाव डोळे मिटतं तेव्हा, एव्हनोरही खुर्चीत डोळे मिटायचे. मग ते धुकं व्हरांड्याच्या पायऱ्या चढून आत यायचं. ए. डब्ल्यू. टी. समोर बसून म्हणायचा, "आमच्याकडे थंडी फार." हे म्हणायचे, "आमच्याकडे तपास चालू आहे." दोघांनाही फार बरं वाटायचं.

आणि एके दुपारी त्या धुक्यातून तिसराच कोणी आला. व्हरांड्याच्या कडेला पाय सोडून बसला, यांच्याकडे पाठ करून. पाय ओले होते, फरशीवर थेंब पडत होते.

"आपण कोण?" एव्हनोरनी विचारलं.

"चारशे सतरा."

"हां, हां. आपल्या प्रकरणाचा तपास चालू आहे."

"चालू द्या. मला घाई नाही."

तो मग रोज यायला लागला. तोंड कधी दाखवायचा नाही. नुसती पाठ, रुंद, उन्हानं तांबूस झालेली. काय आश्चर्य सांगू, जो माणूस घरच्यांशी कधी दोन शब्द धड बोलला नाही, तो त्या पाठीशी तासतासभर बोलायचा. गव्हर्नर किती मूर्ख आहे ते सांगितलं. लहानपणी आपल्याला चित्रं काढायची होती, बापानं कारकुनी शिकवली, हे सांगितलं. एकदा तर म्हणाले, "माझाही एक मुलगा आहे. गलबतावर आहे. आला की आता त्याला रागवायचं नाही असं ठरवलंय." पाठ जरा हलली. "सांगा की त्याला तसं," ती म्हणाली. "सांगेन, सांगेन. येऊ दे तर." जाग आली तेव्हा फरशी कोरडी होती आणि घड्याळात तीन वाजले होते. त्यांना उगाच हुरहुर लागली.

लंडनची पहिली स्मरणचिठ्ठी आली, तिला 'तपास चालू आहे' गेलं. दुसरी आली, तिलाही तेच. दुपारच्या त्या पाहुण्यासाठी ते मुद्दाम फाईल उघडी ठेवत होते, हे त्यांना स्वतःलाही कळत होतं. बंद केली तर तो यायचा थांबेल, असं एक खुळं भय त्यांना वाटायचं. पण तिसरा खलिता आला तो निर्वाणीचा. 'दगडाचे काम सुरू होत आहे. परतीच्या टपालाने ओळख न पटविल्यास क्रमांक ४१७ चे नाव यादीतून वगळण्यात येईल.' आणि कडेला पेन्सिलीनं ए. डब्ल्यू. टी.: 'हा मनुष्य खरोखर होता काय?'

एव्हनोरनी आणखी आठ दिवस गाव पालथं घातलं. बेटाच्या दक्षिणेला अन्स रोयाल गावापर्यंत गेले, होडीनं शेजारच्या प्रालँ बेटालाही जाऊन आले. प्रत्येक जण त्यांच्या तोंडाकडे बघायचा, टोपी काढायचा आणि म्हणायचा, घरी विचारा. शेवटी त्यांनी हात टेकले. बोट यायच्या सकाळी मसुदा लिहिला: 'कसून चौकशी करता असे निवेदन करावे लागते की, बिगोर्नो नावाचा कोणीही इसम या वसाहतीत कधीही नव्हता. नाव वगळण्यास हरकत नाही.' खलित्याला क्रमांक टाकला ६१. गव्हर्नर डोंगरावरच्या बंगल्याकडे निघाले होते. घोड्यावर बसण्याआधी त्यांनी न वाचता सही केली. एव्हनोरनी आपल्या हातानं थैलीचं तोंड बांधलं, लाख ओतली, शिक्का मारला आणि जेवायला घरी आले.

झेलीनं भाजलेला नीरफणस आणि आंबट बिंबल घातलेली मासळी वाढली. फाईल बंद झाली होती. बंद फाईलचं गुपित राहत नाही, असा त्यांचाच नियम. शिवाय मनाला कसलंसं रितेपण आलं होतं, ते बोलून टाकावंसं वाटलं.

"आज एक लचांड मिटवलं बाई. वर्षाच्या वर जीव खाल्ला त्यानं. कोणी एक बिगोर्नो म्हणे. नाव बघ! गोगलगाय!"

झेलीचा डाव भांड्यातच राहिला. "मग? काय केलंत?"

"काय करणार? बेट पालथं घातलं, एक जण सांगेल तर शपथ. लिहून टाकलं लंडनला. या नावाचा कोणी इसम इथे कधीही नव्हता म्हणून."

तिनं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "नऊ महिने पोटात वागवला मी त्याला. आणि नव्हता म्हणता?"

एव्हनोरना आधी काही कळलंच नाही. हातातला घास तसाच. तिनं काळ्या झग्याचा घेर पुढे धरला. "हे कोणासाठी घालते मी अडीच वर्षं झाली?"

"तुझी बहीण... प्रालँची..."

"बहिणीचं सुतक वर्षभर. तुम्ही मोजलंत कधी? लेआंद्र गेला, हो. किल्वाला गेला. सीप्रियेंनं मला धक्क्यावर सांगितलं, रीत म्हणून आधी टोपी काढून, मग गुडघ्यावर बसून. सगळं गाव त्याला बिगोर्नोच म्हणायचं. मीसुद्धा."

"मला... मला सांगितलं नाहीस?"

"नाव काढायचं नाही म्हणाला होतात." तिचा आवाज चढला. "मी वाट बघत होते. म्हटलं, आज विचारतील, उद्या विचारतील. लेआंद्र कुठे असेल गं, एवढं एकदा म्हणाला असतात तरी पाय धरून सांगितलं असतं. मग बायका म्हणायला लागल्या, मुस्ये दारोदार बिगोर्नोबद्दल विचारत फिरतायत. मला वाटलं, कळलंय तुम्हाला. कळलंय, पण माझ्यापुढे तोंड उघडवत नाहीये, म्हणून लोकांकडे जाऊन त्याच्याबद्दल ऐकत बसता. बरं वाटलं मला! वेडी मी! म्हटलं, बापाचं काळीज आहे शेवटी." आणि ती मटकन खाली बसून रडायला लागली.

एव्हनोर उठले. कोट खुंटीला राहिला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस नुसत्या शर्टावर रस्त्यानं धावताना गावानं बघितला.

पोस्टमास्तर ओक्ताव्ह खिडकीशी विडी ओढत होता. थैली अजून तिथेच, कोपऱ्यात.

"उघड ती."

"लाख कोणाची आहे, मुस्ये?" ओक्ताव्ह हळूच म्हणाला. "शिक्का मारल्यावर गव्हर्नरच्या लेखी हुकमाशिवाय उघडायची नाही. तुमच्याच हातचा कागद आहे हा भिंतीवर."

"गव्हर्नर डोंगरावर आहेत!"

"आणि बोट तीनला सुटतेय."

"ओक्ताव्ह, माझा मुलगा आहे रे तिच्यात."

ओक्ताव्हनं विडी टाकली. त्यालाही ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. तो थैलीकडे बघत उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर दोनदा त्याचा हात लाखेपर्यंत गेला. पण पोटावर पाय येणार, घरात सात तोंडं. "नाही जमणार मला," तो म्हणाला, "माफ करा." एव्हनोरनी हात जोडले नाहीत की शिव्या दिल्या नाहीत. हाच हुकूम त्यांनी स्वतः किती जणांना वाचून दाखवला होता. सीप्रियेंच्याच होडीतून थैली बोटीवर गेली. सीप्रियेंला त्या थैलीत काय आहे ते माहीत नव्हतं, आणि धक्क्यावरून ते ओरडून सांगण्याइतका आवाज एव्हनोरच्या घशात नव्हता.

तार होती, नाही असं नाही. पण गव्हर्नर डोंगरावरून उतरले तेव्हा म्हणाले, "मेलेल्या हमालासाठी तार? लाब्लाश, पत्र लिही." तेव्हा पुढच्या बोटीनं पत्र गेलं. सोबत शपथपत्र जोडायचं होतं. त्याचा नमुना एव्हनोरनीच कधीकाळी तयार केलेला: 'मयतास सदर नावाने आपण स्वतः ओळखत होता काय?' त्यांनी आपलं नाव घातलं, बाप म्हणून, आणि त्या रकान्याशी अडले. टाक वाळून गेला. खोटं लिहायची सवय नव्हती हाताला. शेवटी 'नाही' लिहिलं. म्हणजे त्यांची साक्ष रद्द. मग झेलीला बोलावलं. तिला लिहिता येत नव्हतं. तिनं अंगठ्याला शाई लावली आणि 'होय'पुढे असा दाबला की कागदाला खड्डा पडला.

दुपारी डोळे मिटले की एव्हनोर वाट बघायचे. धुकं यायचं, ए. डब्ल्यू. टी.सुद्धा यायचा, खोकून जायचा. व्हरांड्याची कड रिकामी. आता त्यांना ती पाठ ओळखू येत होती. दारात क्षणभर उभी राहिली होती तीच पाठ. वर्षभर रोज समोर बसली होती आणि यांनी एकदाही म्हटलं नाही, इकडे बघ. जागे झाले की त्यांच्या गालावर ओल असायची, आणि शिपाई कागद सावरल्याचं सोंग करायचा.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. वायव्येचे वारे सुरू होते, समुद्र गढूळला होता. 'आपल्या क्रमांक ६१ च्या खलित्यानुसार सदर नाव वगळून दगडाचे काम पूर्ण झाले आहे. नंतरचे पत्र मुदतीनंतर पोचल्याने आता बदल करणे शक्य नाही, हे खेदपूर्वक कळविण्याचा मान मिळत आहे.' कडेला पेन्सिलीनं काहीच नव्हतं. एव्हनोरनी नोंदवहीत क्रमांक टाकला, तारीख टाकली, कागद फाईलला लावला आणि कोट न चढवता घरी गेले.

झेलीला त्यांनी शब्दन् शब्द वाचून दाखवला, आपल्या भाषेत उलगडून. ती मसूर निवडत होती. निवडत राहिली.

"झेली, मी खोडलं गं त्याला. माझ्या हातानं."

"लंडनच्या दगडावर कोण जाऊन वाचणार होतं?" ती म्हणाली. "मला दगड नकोच होता. त्याचं नाव तुमच्या तोंडून हवं होतं, आणि तुम्ही ते सगळीकडे कागदावर लिहीत होतात." तिनं ताटातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "हाक मारा की त्याला. एकदा तरी. त्याच्या नावानं."

त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज येईना. घरात येईना. ते उठले, बूट काढून ठेवले आणि मागच्या वाटेनं खाली समुद्राकडे गेले. ओहोटी लागली होती. खडक उघडे पडले होते आणि दूर पाच-सात बायका कमरेत वाकून वेचत होत्या. एव्हनोर अनवाणी खडकांवरून जात राहिले, तळव्यांना कापत होतं तरी. पाणी लागलं तिथे थांबले.

"बिगोर्नो!"

पहिली हाक घोगरी निघाली. त्यांनी घसा खाकरला आणि छातीतून ओरडले. "बिगोर्नो! ए बिगोर्नो!"

बायकांनी माना वर केल्या. जर्मेन म्हातारीनं टोपली कडेवर घेतली आणि पाण्यातून हळूहळू त्यांच्याजवळ आली. तिला वाटलं, म्हातारबुवांना भ्रम झाला. तिनं त्यांच्या दंडाला धरलं.

"तो नाहीये रे, बाबा," ती म्हणाली. "तो नाही यायचा आता."

"ठाऊक आहे," एव्हनोर म्हणाले. "मला फक्त हाक मारायची होती."

म्हातारीनं त्यांचा दंड सोडला आणि त्यांना हाका मारू दिल्या.